दोन दशांश सेकंद

सॉफ्टवेअर वापरताना मध्येच पडद्यावर एक चौकट उगवते, तिच्यात काहीतरी लिहिलेलं असतं आणि तुम्ही ते न वाचता 'ठीक आहे' दाबून मोकळे होता. ते जे लिहिलेलं असतं, ते मी लिहितो. गेली अकरा वर्षं लिहितोय. ऑफिसात मला 'निरोप्या' म्हणतात. घरी मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढीच माहिती आहे आणि ती तेवढीच राहावी याची मी काळजी घेत आलो आहे.

त्याला कारण माझी थोरली बहीण. आमची कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि ताई एका लॅबमध्ये रिपोर्टच्या टेबलावर बावीस वर्षं बसते आहे. तिच्या लॅबमध्ये आमचंच सॉफ्टवेअर आहे. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जातो आणि दर रविवारी ती वाढता वाढता त्या चौकटींचा उद्धार करते. कोण मेला बसून हे लिहितो, त्याला दुसरा काही कामधंदा नाही का, असं विचारते. मी म्हणतो, नसेल. भावोजी म्हणतात, असली माणसं सगळीकडे भरलीत. मी मान डोलावतो आणि मुकाट जेवतो.

ऑफिसात एक तक्ता आहे. कोणत्या लॅबमध्ये कोणती चौकट किती वेळ उघडी राहिली, ते त्यात सेकंदांत कळतं. आमचे सर त्यातला एकच आकडा बघतात, तो म्हणजे किती जणांनी 'ठीक आहे' दाबलं. तो सत्त्याण्णव टक्के आहे. म्हणजे सत्त्याण्णव टक्के लोक आपलं वाचतात, असं सर दर महिन्याला वर कळवतात आणि उरलेल्या तीन टक्क्यांचं काय करायचं यावर बैठक घेतात. मी शेजारचा रकाना बघतो. सरासरी आठ दशांश सेकंद. तेवढ्या वेळात धड शिंकही येत नाही. सगळ्यात कमी वेळ एकशे चौदा नंबरच्या लॅबचा, दोन दशांश. ती ताई. आमच्या घराण्यात कोणी कशात पहिलं आल्याचं हे एकमेव उदाहरण आणि ते मला चारचौघांत सांगता येत नव्हतं.

तर त्या महिन्यात असं ठरलं की नव्या आवृत्तीत पेशंटच्या यादीचा क्रम बदलायचा. रिपोर्ट भरताना आडनावाची पहिली काही अक्षरं टाकली की त्या आडनावाच्या लोकांची यादी येते. आजवर ज्याच्या रक्ताची नळी आज आली आहे तो सगळ्यात वर यायचा, जुने सगळे खाली. एन्टर दाबला की वरचा माणूस निवडला जायचा आणि तो बरोबर माणूस असायचा. महिन्याच्या शेवटच्या सोमवारपासून ही यादी पहिल्या नावाच्या अक्षरांप्रमाणे लागणार होती. एका मोठ्या गिऱ्हाइकाला ती तशी सुंदर दिसते असं वाटलं होतं. म्हणजे ज्यांच्या बोटांना वरच्या माणसाची सवय झाली आहे, ते आजोबांची साखर नातीच्या नावावर भरणार आणि नातीला औषध सुरू होणार.

हे मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, निर्णय झालेला आहे, तुम्ही फक्त नीट कळवा. जगातली निम्मी संकटं या वाक्याने माझ्या टेबलावर येतात.

कळवायच्या चौकटीसाठी बैठक झाली. विक्रीच्या बाईंना सुरुवात 'आनंदाची बातमी!' अशी हवी होती आणि कोपऱ्यात उडणारे फुगे हवे होते. वकीलसाहेबांना अकरा ओळी हव्या होत्या, ज्यांचा सारांश असा की काहीही झालं तरी आम्ही नाही. अक्षरं सजवणाऱ्या गृहस्थांना सगळा मजकूर फिक्या राखाडी रंगात, बारीक आणि शांत हवा होता. सगळ्यांचं समाधान झाल्यावर माझं वाक्य सातव्या ओळीत, आभाराच्या मागे जाऊन बसलं. ही चौकट सकाळी सॉफ्टवेअर उघडताच येणार होती. तिच्या आधी आणखी दोन होत्या. एकीत पडद्याचा नवा रंग निवडायचा होता आणि दुसरीत आम्हाला पाच तारे द्यायचे होते.

निदान आपल्या माणसाला तरी तोंडी सांगावं म्हणून मी आदल्या आठवड्याच्या रविवारी, एका ओळखीच्याने सांगितलं असं म्हणत, ताईकडे विषय काढला. यादीचा क्रम बदलतोय, वरचा माणूस आपला नसेल, वय बघून निवड, असं अगदी पद्धतशीर सांगितलं. ताई म्हणाली, "हो हो, कळलं," आणि भावोजींना पाणी आणून दिलं. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण दोन दशांशाच्या वर गेलं नसावं.

मग बुधवारी मी रजा टाकली आणि माझं रक्त तपासायचंय या बहाण्याने तिच्या लॅबमध्ये जाऊन बसलो. ज्यांच्यासाठी आपण लिहितो ती माणसं काम कशी करतात, हे अकरा वर्षांत मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. ताईचं टेबल काउंटरमागे होतं. बाहेर वीसेक माणसं दंडाला कापूस दाबून उभी, फोन वाजतोय, एक बाई रिपोर्ट मागतेय. डाव्या हाताला भिंतीत एक खिडकी आणि खिडकीपलीकडे मशीनवर बसलेले टेक्निशियन. ते मशीनवरचे आकडे मोठ्याने सांगतात आणि ताई ते टाकते. आडनाव, एन्टर, साखर इतकी, एन्टर, पुढचा. आकडा टाकताना ती तो पुन्हा म्हणते आणि आतून 'हं' आलं की पुढे जाते. त्या दोघांची ही पद्धत बावीस वर्षांची आहे आणि इतकी घोटलेली की मध्येच चहा आला तरी ताल चुकत नाही.

मी लिहिलेली एक चौकट उगवली. पूर्ण उघडायच्या आधीच ताईने एन्टर दाबून तिला घालवली. तिने पडद्याकडे पाहिलंही नाही, तिचं तोंड खिडकीकडे होतं. मला तिच्या कसबाचं कौतुक वाटलं आणि माझा थोडा अपमानही झाला.

थोड्या वेळाने, त्याच आठवड्यात सुरू झालेली पाच ताऱ्यांची चौकट आली. ती एन्टरने जात नाही, तिच्या कोपऱ्यात एक बारकी फुली आहे, ती माउसने दाबावी लागते. हीदेखील विक्रीच्या बाईंची कल्पना. ताईने खुर्ची पुढे ओढली, नाक काचेपासून वीतभर अंतरावर नेलं आणि माउस फिरवत राहिली. उजवीकडे, वर, आणखी वर. बाण फुलीवरून दोनदा गेला तरी तिचं बोट हललं नाही. ती फुली शोधत नव्हती, चाचपत होती. आतून टेक्निशियन दोनदा आडनाव ओरडले. शेवटी फुली सापडली आणि ताई खुर्ची मागे घेऊन पूर्वीसारखी ताठ बसली.

मी उठलो, माझी पावती तिच्यासमोर धरली आणि हा खालचा आकडा कसला, असं विचारलं. तिने पावती ट्यूबलाइटखाली धरली, तिरकी केली, परत सरळ केली. म्हणाली, सगळ्यांच्या पावतीवर असतो तोच, जा बस.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही मागच्या जिन्यावर बसलो. तिने डबा उघडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने काय कधीपासून, असं विचारलं नाही. "दीड वर्ष झालं. आधी उजवा, आता दोन्ही. पांढरं पांढरं दिसतं, धुरकट. माणसं दिसतात, अक्षरं नाही."

"आणि असं काम करतेस?"

"मला ऐकू येतं. बोटांना येतं. वरचा माणूस बरोबर असतो. दीड वर्षात एक चूक दाखव."

मी दाखवू शकलो नाही, कारण नव्हतीच. डोळे दाखवून का येत नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, आईने दाखवले होते. आईचं ऑपरेशन झालं ते बिघडलं आणि पुढची नऊ वर्षं ती स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून जायची. तेव्हापासून आमच्या घरात डोळे हा विषय कोणी काढत नाही. आणि ही लॅब ज्यांची आहे त्या डॉक्टरांना कळलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत दुसरी कोणी बसेल, असं ताई म्हणाली. मग घरी बसून दिवसभर करायचं काय, ह्यांचं तोंड बघायचं? तिने हे हसत सांगितलं, पण डब्याचं झाकण तिला तीनदा लावावं लागलं.

सोमवारपासून वरचा माणूस बरोबर नसणार, हे मी तिला पुन्हा सांगितलं. तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांना चांगलं चाललेलं बघवत नाही, असं म्हणून ती उठली. खरं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं की ताई, ते चौकटी लिहिणारं माणूस म्हणजे मी. माझी छाती झाली नाही. डॉक्टरांच्या केबिनवरून जाताना पाय अडखळले. आत जाऊन दोन वाक्यं बोललो असतो तर एकाही पेशंटला धोका उरला नसता. पण ताईची खुर्ची माझ्या हाताने गेली असती आणि तेवढं काळीज माझ्याकडे नव्हतं. मी भित्रा माणूस आहे. मला चौकट लिहिता येते, तेव्हा मी चौकट लिहायची ठरवली.

गुरुवारी सरांकडे गेलो. म्हटलं, बाकीच्या सगळ्या चौकटी आठवडाभर बंद ठेवा, म्हणजे जी येईल तिच्याकडे लक्ष जाईल. ही चौकट सकाळच्या गर्दीत नको, ज्या क्षणी यादी उघडते त्या क्षणी यादीच्या वर येऊ दे. एन्टरने जायला नको. वाक्यं तीनच, बाकीचं ज्याला हवं त्याने बाजूला उघडून वाचावं. अक्षरं काळी आणि अंगठ्याएवढी. सर म्हणाले, सत्त्याण्णव टक्के लोक वाचत असताना ही उठाठेव कशाला? तेव्हा मी त्यांना शेजारचा रकाना दाखवला.

सर बराच वेळ तो रकाना बघत राहिले. मग त्यांनी हा आणखी कोणी पाहिलाय का, असं हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, अजून तरी नाही. त्यानंतर सगळं फार पटापट झालं. फुगे गेले, आनंदाची बातमी गेली, वकीलसाहेब 'अधिक माहिती'च्या मागे गेले. अक्षरं सजवणारे गृहस्थ म्हणाले की हे ओरडल्यासारखं दिसतंय. मी हो म्हटलं.

चौकटीत शेवटी एवढंच राहिलं: 'यादीचा क्रम बदलला आहे. सगळ्यात वरचं नाव आजच्या पेशंटचं नसेल. वय बघूनच नाव निवडा.' खाली 'ठीक आहे' नव्हतं. तिथे 'वय बघून निवडतो' असं बटण होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा एखादी चौकट मी लिहिली तशीच बाहेर पडत होती. शुक्रवारी घरी जाताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे लपवत नाही.

सोमवारी मी आठलाच येऊन तक्त्यासमोर बसलो. नऊ वाजून बारा मिनिटांनी एकशे चौदा नंबरची ओळ हलली. चौकट उघडली. तक्ता दर मिनिटाला ताजा होतो, त्यामुळे ते मिनिट मी नखं खात काढलं. मग आकडा आला. चौदा सेकंद. ताईने मला चौदा सेकंद वाचलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं की काय झालं. मी म्हटलं, सर्दी.

मग मी पुढचा रकाना पाहिला. चौकट बंद झाल्यावर खालची यादी किती वेळ उघडी आहे, ते त्यात दिसतं. ताईला एरवी एक सेकंदही लागत नाही. एक मिनिट झालं होतं. मग दोन. मग तीन. काहीही निवडलं गेलं नव्हतं.

तिसऱ्या मिनिटाला माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोठी अक्षरं फक्त चौकटीची होती. खालची यादी जुनीच, बारीक, फिकी राखाडी आणि वय तर त्यातही नावाच्या पुढे सगळ्यात बारीक. वय बघा, असं मी अख्ख्या जगाला ओरडून सांगितलं होतं आणि वय दिसतं का, हे बघायचं विसरलो होतो. आणि विसरलो कोणाच्या बाबतीत, तर जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तिच्या. मी ताईला फोन लावला. तिने उचलला नाही. सहाव्या मिनिटाला यादी बंद झाली, कोणालाही न निवडता.

मी पोचलो तेव्हा लॅबमध्ये रांग दारापर्यंत आली होती. ताईच्या खुर्चीत डॉक्टर स्वतः बसले होते आणि एका बोटाने अक्षरं शोधत होते. खिडकीतून टेक्निशियन आकडे सांगत होते आणि डॉक्टर दर वेळी "काय म्हणालात?" असं विचारत होते. ताई बाकावर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. मी शेजारी बसलो. तिने मला आवाजावरून ओळखलं की चालण्यावरून, ते मला कळलं नाही.

"एक चौकट आली," ती म्हणाली. "वाचता आली रे. दीड वर्षात त्या पडद्यावर पहिल्यांदा काहीतरी वाचता आलं. वय बघा म्हणून लिहिलं होतं. बघायला गेले तर दिसेना. म्हटलं, दाबावा वरचा, रोज दाबतोच की. बोट ठेवलंही. तेवढ्यात आतून साखर सांगितली, चारशे दहा. मग मला दाबवेना. कोणाच्या नावावर घालू?"

पुढचं तिने तुटक तुटक सांगितलं. सहा मिनिटं ती तशीच बसली. मग उठून केबिनमध्ये गेली आणि मला दिसत नाही, असं डॉक्टरांना सांगितलं. दार उघडं होतं, बाहेरच्या सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टर रागावले नाहीत. ताई, आधी डोळे दाखवून या, मग बघू, असं म्हणाले. त्यातलं 'मग बघू' तिला लागलं होतं. ते तिने मला दोनदा सांगितलं.

"ताई, ते मी लिहिलं होतं."

ती माझ्या दिशेने वळली. मी खाली मान घालून बसलो. आता अकरा वर्षांचा हिशेब होणार आणि तो रांगेतल्या लोकांसमोर होणार, अशी माझी खात्री होती.

"सगळ्याच तू लिहितोस?"

"सगळ्याच. अकरा वर्षं."

"बाकीच्यांत काय होतं रे?"

मी आठवून पाहिलं. नवा रंग, नवी खूण, तारे, शुभेच्छा, आभार. तिचं काम थांबवून तिला सांगावी अशी त्यात एकही गोष्ट नव्हती. काही नव्हतं ताई, असं मी म्हटलं आणि तिने मान हलवली. मग ती उठली. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं तर आत्ताच, एकदा घरी गेले की परत निघणार नाही, असं म्हणाली.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. ऑपरेशनची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. त्या दहा दिवसांत ऑफिसात माझ्यावर बैठक झाली, कारण 'ठीक आहे' दाबणाऱ्यांचा आकडा शून्यावर आला होता. ते बटणच नव्हतं, हे मी समजावून सांगितलं, पण आकडा तो आकडा. अनेक लॅबमधून तक्रारी आल्या की या चौकटीमुळे थांबून बघावं लागतं. मी त्या तक्रारी सांभाळून ठेवल्या आहेत. यादीतलं वय मोठ्या अक्षरांत करून घेतलं, त्यासाठी मात्र मला सरांना त्या रकान्याची आठवण पुन्हा करून द्यावी लागली. लॅबच्या डॉक्टरांनी दोनदा भावोजींना फोन केला. चौकशी तब्येतीची होती, पण बोलता बोलता त्यांनी तिच्या कीबोर्डवरचं एक अक्षर कुठे असतं तेही विचारून घेतलं.

ऑपरेशनच्या सकाळी भावोजी बाहेर चपलांपाशी येरझाऱ्या घालत होते आणि मी ताईबरोबर काउंटरवर होतो. काउंटरवरच्या बाईंनी एक कागद पुढे सरकवला, दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, इथे सही करा, काही नाही, सगळे करतात. ताईने पेन हातात घेतलं आणि कागद माझ्याकडे दिला.

"आधी वाच."

मी वाचायला लागलो. मागे माणसं उभी होती, काउंटरवरच्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर चौथ्या ओळीत लिहिलं होतं की क्वचित प्रसंगी ऑपरेशननंतर दृष्टी पूर्ण जाऊ शकते. मी तिसऱ्या ओळीनंतर थांबलो. मनात आलं की ही एक ओळ गाळावी, तिला कुठे कळणार आहे.

"थांबलास का?" ताई म्हणाली. "आईचं आलं का? वाच."

मी ती ओळ वाचली. मग पुढच्या वाचल्या, शेवटपर्यंत. ताई मान तिरकी करून, खिडकीतून येणारा आकडा ऐकावा तसं सगळं ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने एक ओळ पुन्हा वाचायला लावली, ती चौथी. मग तिने विचारलं की सही कुठे करायची. मी तिचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं आणि तिने सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.